चार वर्षं नांदलेला प्रोसेसर

प्रोसेसर बघायला जाताना आईनं जरीकाठाची साडी नेसली आणि पर्समध्ये खडीसाखरेची पुडी टाकली. तिच्या लेखी बघायला जाणं म्हणजे बघायला जाणं. समोर मुलगी असो, मुलगा असो, नाहीतर तळहाताएवढा सिलिकॉनचा तुकडा असो. तीस वर्षं साताऱ्यात वधूवर केंद्र चालवलेल्या बाईला दुसरी रीत सुचत नाही.

इरफानभाईंचं दुकान कोल्हापुरात, शाहूपुरीच्या एका गल्लीत. बंद पडलेल्या कंपन्यांचे सर्व्हर ते वजनावर घेतात आणि नगावर विकतात. त्यांनी प्रोसेसर एका डबीतून आणला, मऊ फडक्यावर ठेवला आणि चहा सांगितला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो. तो खाली मान घालून बसला होता असं आईचं म्हणणं. त्याला मान नव्हती.

"माल एक नंबर बघा, ताई," इरफानभाई म्हणाले. "चार वर्षं एकाच कंपनीत नांदलाय. एकदा तापला नाही की एकदा बंद पडला नाही."

"मग सोडला का?" आईनं विचारलं.

"त्यानं कुठं सोडला? कंपनीच बुडाली."

"याच्या पायगुणानं?"

"छ्या! गरीब आहे हो हा. मालक लोकांचं काहीतरी झालं."

"कसली कंपनी?"

"विम्याची."

"म्हणजे चांगल्या घरातला आहे," आई माझ्याकडे वळून म्हणाली, आणि तिथेच आमची चूक झाली. घर विचारलं, सवयी विचारल्या नाहीत. नेहमी मुलीकडचे करतात तीच चूक, आणि तीस वर्षं त्यांना त्यावरून बोल लावणाऱ्या बाईनं केली.

आम्हाला प्रोसेसर हवा होता तो गायधनींमुळे. साताऱ्यात राजवाड्याकडे त्यांचंही वधूवर केंद्र आहे. पूर्वी आमच्यासारखंच चालायचं. मग उमेदवारांची माहिती बाहेरच्या कंपन्यांच्या यंत्रांवर ठेवायची नाही असा कायदा आला आणि ज्याच्या घरात दणकट यंत्र, त्याचं केंद्र जोरात असं झालं. गायधनी दहा मिनिटांत पंचवीस स्थळं काढून द्यायला लागले. आमचं जुनं यंत्र साठ हजार उमेदवारांतून एकाला स्थळं शोधायला दोन दिवस घ्यायचं. तेवढ्यात मुलगी गायधनींकडून लग्न ठरवून पेढे द्यायला यायची.

"किती?" आईनं विचारलं.

"नवा पाच लाखांना आहे. हा तुम्हाला एक नव्वदला."

"नव्वद हजार."

इरफानभाईंनी कानांना हात लावले.

आई घासाघीस करते. तशी सगळेच करतात, पण आई नित्यनेमानं करते. बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्या दिवसाची एकच गोष्ट मला नीट आठवते. रडून रडून आवाज बसलेला असतानाही आईनं शववाहिनीवाल्याकडून दोनशे रुपये कमी करून घेतले होते.

"असं करा ताई," इरफानभाई शेवटी म्हणाले, "आठ दिवस घरी न्या. पुढच्या शनिवारी ठेवायचा की परत द्यायचा ते सांगा. भावाचं तेव्हा बोलू."

आईनं प्रोसेसरच्या डबीवर खडीसाखर ठेवली आणि आम्ही त्याला घरी घेऊन आलो.

हा प्रोसेसर म्हणजे नेमकी काय चीज होती ते इथे सांगून टाकतो, कारण पुढची सगळी भीती त्यातूनच निघते. जुन्या प्रोसेसरांमध्ये आकडेमोड एकीकडे व्हायची आणि आठवण दुसरीकडे असायची. वीज बिचारी दोघांमध्ये हेलपाटे घालून दमायची. या नव्या जातीत दोन्ही एकाच जागी असतं. आडव्याउभ्या अब्जावधी तारा, आणि दोन तारा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे मध्ये धातूच्या गंजासारखा, काही अणूंएवढा पातळ थर. वीज त्यातून गेली की थरातले कण जरासे सरकतात आणि पुढच्या वेळी विजेला तिथून जाणं जरासं सोपं होतं. मैदानात तिरकी पायवाट पडते तसंच हे. ती कुणी आखत नाही, तिचं उद्घाटन होत नाही, पण महिन्याभरात सगळे तिथूनच जायला लागतात.

बाजारात याला 'वळण' म्हणतात. नव्या प्रोसेसरला वळण लागायला दोन-अडीच वर्षं जातात. वापरलेला आयत्या वळणाचा मिळतो. ते वळण दुसऱ्याच्या घरचं असतं, म्हणून तो स्वस्त. त्यातली माहिती पुसता येते. पायवाट पुसता येत नाही. ती पुसायची तर सगळं मैदानच खणावं लागतं.

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दुसरेपणाचं स्थळ."

"साधारण."

"असू दे. दुसरेपणाची माणसं कामाला चांगली असतात."

आईची एक पद्धत आहे. केंद्रात नवीन काहीही आलं की ते आधी जुन्या जोडप्यांवर चालवून बघायचं. तिच्याकडे एक लांबोळकी वही आहे. तिनं जुळवलेलं प्रत्येक लग्न त्यात आहे. त्या प्रत्येक लग्नाला ती गेलेली असते, पुढे बारशाला जाते, आणि वेळ आली तर दहाव्यालाही जाते. "जोडलंय ना आपण, मग शेवटपर्यंत बघायला नको?" असं तिचं म्हणणं. त्यामुळे कुणाचा संसार कसा झाला हे तिला तोंडपाठ. नव्या यंत्रानं त्या जोडप्यांना बरोबर गुण दिले तर यंत्र पास.

वीस वर्षांहून जुनी चारशे बारा जोडपी मी प्रोसेसरला घातली. प्रत्येकाचा लग्नाआधीचा फोटो, स्वतःबद्दल हातानं लिहिलेल्या दहा ओळी, आणि अर्ध्या मिनिटाचा आवाज. हे शेवटचं खास आईचं. तेव्हा ती प्रत्येकाला कॅसेटवर बोलायला लावायची. माणूस आवाजात सापडतो यावर तिचा फार विश्वास. त्याच दिवशी केंद्राची चालू यादीही मी मागे लावून ठेवली, म्हणजे तेही काम होऊन जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्यांचा निकाल आला. तीनशे एक्क्याऐंशी जोडप्यांना भरघोस गुण. एकतीस जोडप्यांना शून्य.

"शून्य कसं?" आई म्हणाली. ती मटार सोलत होती. "नावं वाच."

"सुर्वे, कोरेगाव."

"अरे, चांगलं जोडपं ते. तो गेला बिचारा. लिव्हर."

"जंगम, फलटण."

"ती गेली. किडन्या. दोन मुलं लहान होती."

"बोधे, वाई."

"तो. हार्ट."

पाचव्या-सहाव्या नावानंतर आई वाक्यं करेनाशी झाली. मी नाव वाचायचो, ती नुसतं 'तो' म्हणायची किंवा 'ती' म्हणायची. मध्येच एका नावाला ती थांबली आणि म्हणाली, "शेवडे? शेवडेकाका तर ठणठणीत आहेत. विधुर होते, एक्कावन्नाव्या वर्षी मीच त्यांचं दुसरं जमवलं. आता ऐंशी पूर्ण, रोज सकाळी अजिंक्यतारा चढतात. हे चुकलं बघ त्याचं." तिचा चेहरा जरा उजळला. पुढे एकदा लोणंदच्या क्षीरसागर जोडप्यापाशी तसंच झालं. बाकी 'तो' आणि 'ती'.

शेवटचं एक नाव मी वाचलं नाही. वहीत ते पहिलं आहे. शुभ म्हणून आईनं स्वतःचं लग्न एक नंबरला लिहून वही सुरू केली होती.

"वाच की," आई म्हणाली.

"तारळेकर, सातारा."

"तो," आई म्हणाली, आणि हातातली शेंग तशीच ठेवली.

मग तिनं मला गुण मिळालेल्यांची यादी काढायला लावली. त्यातही लवकर गेलेले पाचजण होते. दोन घाटात ट्रकखाली, एक विहिरीत, एक विजेच्या धक्क्यानं, एकाला बैलानं मारलं होतं. त्यांना पैकीच्या पैकी. बैलाचा हिशेब त्याच्याकडे नव्हता.

"हा जुळवत नाहीये, ओजस," आई म्हणाली. "हा मोजतोय."

मी इरफानभाईंना फोन लावला. त्या कंपनीत हा नक्की काय करायचा ते विचारलं.

"जोड-पॉलिसी हो," ते म्हणाले. "नवराबायकोची. वीस वर्षांची. दोघांचा फोटो, सही, आवाज घालायचा, हा सांगायचा द्यायची का नाही. चेहऱ्याचा रंग, अक्षरातली थरथर, बोलताना श्वास कुठं घेतोय, असलं बारीकसारीक बघायचा. डॉक्टरला दिसत नाही ते याला दिसायचं. दोघांतला एक जरी वीस वर्षांच्या आत जाणारा दिसला की शून्य."

"आणि कंपनी बुडाली कशानं?"

"याच्याच हुशारीनं की! लोकांना कळलं ना, पॉलिसी मिळाली म्हणजे आपण मरत नाही. मग हप्ते कशाला भरतील?"

"काल तुम्ही म्हणालात, गरीब आहे."

"गरीबच आहे. कागद सगळे कोरे करून दिलेत साहेब, आईशप्पथ. वळण कसं काढणार? तुमचा प्रोग्राम नवीन असला तरी वीज जुन्याच वाटेनं जाणार. नको असेल तर आणा परत. गायधनींचा फोन येऊन गेलाय. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, मग तर हवाच. 'दीर्घायुषी स्थळं मिळतील' अशी पाटी लावतो म्हणाले."

संध्याकाळी चालू यादीचाही निकाल तयार झाला. साठ हजार माणसं. मी ती यादी उघडणार नव्हतो. उघडायची नाही असं मनाशी पक्कं करून मी उघडली, आणि फक्त एक जोडी बघितली.

आमच्या केंद्राचा नियम आहे, म्हणजे आईचा. घरातल्या माणसाचं लग्नाचं वय झालं की त्याचाही फॉर्म यादीत. हलवायानं आपली मिठाई घरी खाल्ली पाहिजे म्हणते. तेव्हा मी यादीत होतो. आणि ऋजुता माळवदेही होती, कारण तिच्या वडिलांनी दोन वर्षांपूर्वी तिचं नाव नोंदवलं होतं. ती फोटो द्यायला आली, मी फोटो घेतला, आणि त्यानंतर तिचा फॉर्म मी कुठल्याच मुलाला दाखवला नाही. धंद्याच्या दृष्टीनं ही अफरातफर होती. आईला वर्षभरानं कळलं. ती म्हणाली, "वधूवर केंद्रवालीच्या पोरानं स्वतःचं स्वतः जमवलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल? दोन वर्षं थांबा. लोक विसरले की बघू." मुलीबद्दल तिचं मत विचारलं तर म्हणायची, "चांगली आहे, पण." त्या 'पण'पुढे काही नसायचं. आईचं प्रत्येक मुलीबद्दलचं वाक्य 'पण'वर संपतं. आजवर मी एकही अपवाद ऐकला नव्हता.

तारळेकर ओजस, माळवदे ऋजुता. शून्य.

पत्रिकेत आमचे एकोणतीस गुण जुळत होते.

मी सत्तावीस वर्षांचा, ती सव्वीसची. म्हणजे दोघांपैकी एकजण सत्तेचाळिशी बघणार नाही. कोण, ते शून्यात लिहिलेलं नसतं. पण ते काढणं अगदी सोपं होतं. मला दुसऱ्या एखाद्या ठणठणीत मुलीबरोबर लावायचं. गुण मिळाले तर दोष ऋजुताचा, नाही मिळाले तर माझा. दोन बटणं. दहावीच्या प्रयोगवहीत याहून अवघड प्रयोग असतात.

मी बटणं दाबली नाहीत. यंत्र बंद केलं, त्यावर आईनं विणलेलं क्रोशाचं आच्छादन घातलं, आणि वर स्टीलचा जड डबा ठेवला. कशासाठी ते विचारू नका. तो उठून बाहेर येईल असं काही मला वाटत नव्हतं. पण डबा ठेवला.

ऋजुता पोवई नाक्याजवळ एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे गेलो. ती प्लास्टरच्या जबड्यात एकेक दात बसवत होती. समोर फळीवर वीस-पंचवीस कवळ्या हसत होत्या. पूर्वी मला त्यांची गंमत वाटायची.

"प्रोसेसर कसाय?" तिनं विचारलं.

"ठीक आहे."

"घेणार?"

"बघू. शनिवारपर्यंत आहे."

ती चहा आणायला जिना उतरून गेली आणि चढून आली. मी तिचा श्वास ऐकत होतो. चार पायऱ्यांमागे एक श्वास. मग मी उतरलो आणि चढून आलो. माझा तीन पायऱ्यांमागे एक.

"काही विसरलास का खाली?"

"नाही."

"मग?"

"व्यायाम."

तिनं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी तिचं मनगट धरलं. ती जराशी लाजली. असं मी सहसा करत नाही.

"का धरलंयस?"

"प्रेमानं."

"घड्याळाकडे बघत?"

मी हात सोडला. ब्याऐंशी. जिना चढल्यामुळे असेल. तिच्या ओठांकडे बघितलं, नखांकडे बघितलं. तिच्या डाव्या डोळ्याखाली पूर्वीपासून एक बारीकशी निळसर शीर आहे. मला ती फार आवडायची. आता ती शीर मला एखाद्या फॉर्ममधल्या रकान्यासारखी दिसायला लागली. दोन दिवसांत प्रोसेसरनं मलाही वळण लावलं होतं.

"ऋजू," मी म्हणालो, "समज, एखाद्याला कळलं की हे दात किती वर्षं लागणार आहेत. म्हणजे माणसाला. तर त्याला सांगावं का?"

"कुणाला? माणसाला?"

"हं."

तिनं चिमट्यानं एक सुळा उचलला, उजेडात धरला. "मागच्या महिन्यात एक आजोबा आले होते, ब्याण्णव वर्षांचे. म्हणाले, चांगल्यातली दे, वीस वर्षं टिकली पाहिजे. मी वीस वर्षांची दिली." तिनं सुळा बसवला. "मी कवळी बनवते, ओजस. किती दिवस चावणार ते विचारत नाही. चहा गार होतोय."

मी तिला काहीही सांगितलं नाही. पुढेही नाही. हे लक्षात ठेवा.

ते चार दिवस मी पाळत ठेवण्यात घालवले. स्वतःवरही आणि तिच्यावरही. आरशात जीभ बघितली. स्वतःचं जुनं अक्षर आणि आताचं अक्षर शेजारी ठेवून बघितलं. आताच्या 'क्ष'मध्ये थरथर दिसली. मग आठवलं, 'क्ष' मला शाळेतही नीट यायचा नाही. ऋजुता फोनवर बोलताना मध्ये थांबली की मी सेकंद मोजायला लागायचो. ती लिफ्टमध्ये शिरत असायची. सगळ्यात वाईट म्हणजे, मी मनात कशाची इच्छा करतोय हे मला कळेना. दोष तिचा निघू नये असं वाटलं की पुढच्याच क्षणी लक्षात यायचं, त्याचा अर्थ काय ते. आणि मग मी पटकन इच्छा बदलायचो.

शुक्रवारी दुपारी बँकेतून घरी आलो तर आई यंत्रापुढे बसली होती. स्टीलचा डबा खाली जमिनीवर. क्रोशाचं आच्छादन घडी घालून मांडीवर. मला बघून तिनं यंत्राचा पडदा बंद केला. घाईनं नाही. नेहमीसारखा.

"जेवलास का?"

"तू काय बघत होतीस?"

"कुठं काय. धूळ पुसत होते." ती उठली, माझ्या ताटात वरणभात वाढला, त्यावर तूप घातलं. मग आणखी घातलं. मग तुपाची वाटीच माझ्या शेजारी ठेवली. आमच्या घरी तूप चमच्यानं येतं. "ओजस, तुमचं लग्न वैशाखातच उरकून टाकू म्हणते."

घास माझ्या हातात राहिला. फाल्गुन संपत आला होता.

"तू दोन वर्षं म्हणाली होतीस."

"म्हणाले असेन."

"गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"म्हणू दे. मुलगी चांगली आहे."

मी थांबलो. पंखा फिरत होता. मी 'पण'ची वाट बघत होतो. आई लोणच्याच्या बरणीचं झाकण लावत होती, आणि 'पण' आला नाही.

"आई, तू बटणं दाबलीस?"

"कुठली बटणं?" ती माझ्या डोळ्यांत सरळ बघून म्हणाली. तीस वर्षं ती स्थळांतलं एक वैगुण्य झाकून बाकीचं सगळं खरं सांगत आलेली बाई आहे. त्या डोळ्यांतून मी काय काढणार?

"उद्या तो परत देऊन टाकू," मी म्हणालो.

"परत दिला तर गायधनी नेतील. याद्यांची आपली देवघेव आहे. सगळ्यांचे फॉर्म त्यांच्याकडे आहेत, तुमचे दोघांचेही." तिनं बरणी कपाटात ठेवली आणि मग पाठमोरीच म्हणाली, "गावभर फिरेल ते. एकेका मुलीच्या दारातून लोक चप्पल न काढता परत जातील. विकत घ्यायचा."

शनिवारी आम्ही पुन्हा कोल्हापूरला गेलो. आईनं तीच जरीकाठाची साडी नेसली होती. इरफानभाईंनी चहा सांगितला, बाह्या सरसावल्या, खुर्ची पुढे ओढली. आठ दिवस त्यांनी तयारी केली असणार.

"किती म्हणालात?" आईनं विचारलं.

"एक नव्वद. आता ताई, तुम्ही नव्वद म्हणणार, पण मी आधीच सांगतो..."

आईनं पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "एक नव्वद आहेत. मोजून घ्या."

इरफानभाईंनी पाकिटाला हात लावला नाही. माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत होतो.

"ताई, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मी... असं करा, एक ऐंशी द्या."

"नको. तुमचं जे आहे ते घ्या."

"एक पंच्याहत्तर! ताई, ऐका माझं." त्यांच्या आवाजात काकुळती आली होती. "थोडं तरी कमी करू द्या हो. असं बरं नाही वाटत."

आईनं कमी केलं नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीपाशी, डबी दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली. मला काही विचारायचं उरलं नव्हतं. शववाहिनीवाल्याशी भांडणारी बाई ज्या दिवशी भांडत नाही, त्या दिवशी काय झालेलं असतं ते मला कळत होतं. फक्त कुणाचं, ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर तिनं प्रोसेसर खलबत्त्यात घातला आणि कुटला. बराच वेळ लागला. मध्ये एकदा थांबून तिनं घाम पुसला आणि परत कुटला. यादीही पुसून टाकली, साठ हजारांची. पुढे महिनाभर आम्ही शेंगदाण्याचं कूट विकत आणलं.

वैशाखात लग्न झालं. आईनं माणसं मोजकी बोलावली, पण दोन आमंत्रणं द्यायला ती स्वतः जाऊन आली. साताऱ्याचे शेवडेकाका आणि काकू, लोणंदचे क्षीरसागर पतिपत्नी. एकतीस शून्यांतून जिवंत राहिलेली दोन जोडपी. त्यांना बिचाऱ्यांना आपला एवढा मान का, ते कळत नव्हतं. पहिल्या पंगतीत, आमच्या अगदी समोर, आईनं त्यांना बसवलं. शेवडेकाकांनी त्या दिवशीही सकाळी अजिंक्यतारा चढला होता. ते मसालेभात परत परत मागत होते आणि मला त्यांच्याकडे बघून इतकं बरं वाटत होतं की मी स्वतः जेवायचं विसरलो. एकतिसात दोन. वाईट नाही. याहून कमी आशेवर लोक लॉटरीचं तिकीट घेतात.

आणि मग शेवडेकाका खोकले.

एकदा खोकले, मग दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा लाल होऊन टेबलावर वाकले. मी उभा राहिलो. पलीकडे आई उभी राहिली, तिच्या हातातली वाटी खाली पडली. पण आम्हा दोघांच्याही आधी ऋजुता उठली होती. शालू सावरत ती टेबलाला वळसा घालून काकांपाशी पोचलीसुद्धा होती, हातात पाण्याचा पेला, चेहरा पांढराफटक.

शेवडेकाका कोण हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं.

"मिरी, मिरी लागली," काका डोळे पुसत म्हणाले. "बसा हो, नवरीबाई. असा मरत नाही मी."

सगळे हसले. ऋजुतानं मान वर केली आणि आईकडे बघितलं. आईनं तिच्याकडे बघितलं. त्या दोघी एकमेकींकडे जेवढा वेळ बघत होत्या, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की या घरात तिघंजण आहेत आणि न सांगितलेला मी एकटाच आहे.

ऋजुता परत येऊन माझ्या शेजारी बसली. टेबलाखालून तिनं माझं मनगट धरलं. घट्ट, पण एका बोटानं जरा वेगळं दाबून. ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

वाढपी बुंदीचे लाडू वाढून गेला, एकेक. आईनं पलीकडून हात लांब करून तिचा लाडू माझ्या ताटात ठेवला. मग ऋजुतानंही तिचा ठेवला.

मी तिन्ही खाल्ले.